तव्यावरचं पातेलं

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले, ते तिचं चहाचं ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊनच. काठावर तिचं नाव कोरलेलं आहे.

माझ्या भाड्याच्या घरात गॅस नाही, इंडक्शन शेगडी आहे. लोहचुंबक चिकटेल तेच भांडं तिच्यावर तापतं. आईचं पातेलं ठेवलं, की शेगडी टीं टीं करते आणि बंद पडते.

"तुझ्या शेगडीला तुझी आई ओळखू येत नाही का गं?"

"बाबा, स्टीलचं घ्या ना."

"त्यात चहा होतो. तिचा होत नाही."

आई गेल्यापासून मला रडू आलेलं नाही. किती जण पाठीवरून हात फिरवून गेले, पण आतपर्यंत काही पोचलंच नाही.

आज मी शेगडीवर लोखंडी तवा ठेवला आणि त्यावर पातेलं. शेगडी कुरकुरली नाही. बाबा स्टुलावर बसून पाण्याकडे बघत राहिले. तवा केव्हाच तापला होता, पाणी अजून गारच होतं.

"होईल," बाबा म्हणाले. "वेळ लागेल, एवढंच."

मी आलं ठेचायला घेतलं.