येळवशीला आलेले आमदार

माझी चुलत जाऊ महानंदा हिच्या हातची हिरव्या दाण्यांची नि पालेभाज्यांची भज्जी खाल्ल्याशिवाय आमच्या शिवारात कुणाची येळवस पुरी होत नाही. शिरूर अनंतपाळजवळचं आमचं गाव येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, अख्खं रानात असतं. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, पिकाभोवती आंबील शिंपायची आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालायचं. वाढलेल्याला नको म्हणायचं नसतं. महानंदाची वर आणखी एक शिस्त आहे. त्या दिवशी तिच्या कोपीत अभद्र बोलायचं नाही. आंबिलीचं मडकं रिकामं झालं तरी 'संपली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. वर्षभर ही बाई तोंडाची चांगली फटकळ आहे, म्हणून या एका दिवसाचं आम्हाला अप्रूप.

यंदा तिचा एकुलता लेक सत्यम फौजेत, जम्मूकडं होता. सीमेवर ताण वाढला म्हणून त्याची सुट्टी रद्द झाली होती. तरी तिनं त्याच्या वाटणीचे बाजरीच्या पिठाचे दोन वाफवलेले उंडे केलेच आणि फडक्यात बांधून बाजूला ठेवले.

दुपारी आमदारसाहेब आले. दर येळवशीला ते पाच-पन्नास कोपी फिरतात. या खेपेला त्यांचा कार्यकर्ता बालाजी मोबाइल काठीला लावूनच आला. संध्याकाळी शिरूरला सभा होती आणि तिथं दाखवायला जवानाच्या आईचा व्हिडिओ हवा होता. काय बोलायचं तेही त्यानं सांगून टाकलं: एक लेक देशाला दिला, दुसरा असता तर तोही दिला असता.

महानंदानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी जेवा."

साहेब मांडी घालून बसले आणि बोलू लागले. आता चर्चा पुरे, शेजारी देशाचं पाणी तोडायला हवं, असं ते म्हणाले. तिनं पानात भज्जी वाढली. व्यापार बंद केला पाहिजे, म्हणाले. तिनं आंबिलीचा पेला भरला. रणगाडे निघाले की आठ दिवसांत नकाशा बदलेल, असं म्हणेपर्यंत पानात पुन्हा भज्जी आली होती. हा प्रकार माझ्या आधी लक्षात आला, साहेबांच्या नंतर. लढाईचं वाक्य सुरू झालं की हिचा डाव पुढं यायचा. साहेबांनी पट्टा एक घर सैल केला. मी पदर तोंडाला लावून बाहेर बघत बसले.

जेवण उरकत आल्यावर बालाजीनं मोबाइल धरला. तेव्हा महानंदानं फडकं सोडलं आणि दोन्ही उंडे साहेबांच्या पानात ठेवले.

"हे सत्यमचे हायेत," ती म्हणाली. "साहेब, लढाई लागली तर तो लढंल. ते त्याचं काम हाय, मी न्हाई म्हणणार न्हाई. पण दिला म्हणून माझ्या तोंडून वदवू नका. मी त्याला नोकरीला धाडलाय. परत यायला धाडलाय."

साहेबांनी पान जवळ ओढलं. मग बालाजीला म्हणाले, "ठेव तो खिशात." आणि पोटात जागा नसताना त्यांनी दोन्ही उंडे खाल्ले, हळूहळू, मान खाली घालून. जाताना ते तिच्या पाया पडले. मोबाइल खिशातच होता.

दुसऱ्या दिवशी बालाजीनं सभेची हकीकत सांगितली. पाणी, व्यापार, रणगाडे, सगळं आलं होतं. साहेबांची मतं काही एका जेवणानं बदलली नव्हती. आईचा व्हिडिओ तेवढा नव्हता. जवानांच्या आयांवर लिहून आणलेला कागद साहेबांनी न वाचताच घडी करून ठेवला म्हणे.

"जेवून सुस्ती आली असंल," महानंदा म्हणाली आणि मडकी घासायला लागली.

संध्याकाळी सत्यमचा फोन आला. माझे उंडे कुणी खाल्ले, असं त्यानं विचारलं. साहेबांनी खाल्ले, हे ऐकून तो इतका हसला की मला लांबूनही ऐकू आलं.

"म्हंजे संपले?" तो म्हणाला.

"वाढले," महानंदा म्हणाली. "तू आलास की पुन्हा करते."