शिडाच्या कापडावरच्या चार चौकटी

१९३८ साली, ईस्टरआधीच्या उपवासकाळात पास्कोल मुनीसनं आपल्या सख्ख्या बहिणीला रक्तबंबाळ करवलं, तेही स्वतःच्या ब्रशनं.

पास्कोल उत्तनचा. होड्या रंगवणं हा त्याचा धंदा; चर्चमधल्या तसबिरींचे पोपडे निघाले की फादरही त्यालाच हाक मारायचे. धाकटी बहीण नातालीन गावातच दिलेली, बोस्त्यांवला. तिचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं आणि तिची झोपच उडाली. वाळवणाच्या बांबूंवर टांगलेले बोंबील काढून ती वाळूत पुरायची, वरून पदरानं वाळू सारखी करायची. बोस्त्यांवनं आधी समजावलं, मग मारलं. पाकट माशाची वाळलेली शेपटी चाबकासारखी बसते. एका फटक्यात लुगडं फाटतं, दुसऱ्यात कातडी. शेजारपाजारचे म्हणत, तो तिला कुठं मारतोय, तिच्या अंगातल्याला मारतोय. पास्कोल एकदा मध्ये पडला, तेव्हा बोस्त्यांवनं त्याला गळ्याला धरून ओट्याखाली लोटलं आणि सुनावलं, बहीण दिलीस तेव्हाच तुझं बोलणं संपलं.

भाईंदरच्या दवाखान्यात मुंबईहून डॉक्टर सबनीस यायचे. बाळंतपणानंतर मन ढासळलेल्या बायकांचा त्यांनी कितीतरी वर्षं अभ्यास केला होता. पास्कोल त्यांच्याकडं गेला तेव्हा त्यांनी सांगितलं: ज्यांना मारलं, बांधलं, त्या आणखी खचल्या. ज्यांना झोप, पेज आणि जवळ बसणारं माणूस मिळालं, त्यांतल्या बहुतेक सावरल्या. हे सगळं इंग्रजीत छापूनही आलं होतं. पास्कोलनं विचारलं, माझ्या मेहुण्याला ते कोण वाचून दाखवणार? डॉक्टर म्हणाले, तू रंगारी ना? मग तूच दाखव.

पास्कोलनं जुन्या शिडाचं कापड ताणलं आणि होडीच्या रंगांत एका ओळीत चार चौकटी काढल्या. पहिलीत बाईला मार. दुसरीत तिला खांबाला बांधलेलं. तिसरीत ती झोपलेली, उशाशी पेज घेऊन नवरा. चौथीत ती हसत जाळं विणतेय. पहिल्या दोन करू नका, पुढच्या दोन करा, असा त्याचा हिशेब. मध्ये त्यानं जाड काळी रेघही मारली. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर ते कापड बंदरावरच्या क्रुसाजवळ टांगलं. बोस्त्यांव त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. एकेका चौकटीपुढं थांबला, मान हलवली आणि घरी गेला. पास्कोलच्या जिवात जीव आला.

सोमवारी सकाळी नातालीनची किंकाळी बंदरापर्यंत ऐकू आली.

पास्कोल धावत पोचला, तर ती घरातल्या मेढीला, मधल्या खांबाला, जाड दोरानं आवळलेली. दात पडलेला, डाव्या कानातून रक्ताचा ओघळ गळ्यापर्यंत आलेला. बोस्त्यांव घामानं निथळत शेपटी पुन्हा उगारत होता.

"सोड तिला," पास्कोल म्हणाला.

"तूच काडलंस न्हवं?" बोस्त्यांव धापा टाकत म्हणाला. "पयलं मारायचं, मंग बांदायचं, मंग ती झोपते, मंग हसते. मी नुसता मारीत होतो. बांदीत न्हवतो, म्हनून गुन येत न्हवता."

पास्कोलला आता उमगलं. उपवासकाळातल्या दर शुक्रवारी अख्खं गाव चर्चच्या भिंतीवरच्या येशूच्या तसबिरींपुढून गुडघे टेकत जातं: आधी फटके, मग क्रूस, शेवटी कबर, आणि त्यानंतरचा पुनरुत्थानाचा सण लहान पोरालाही ठाऊक. ओळीनं लावलेली चित्रं म्हणजे वाट, ती सगळी चालायची, दुःख चुकवायचं नाही. त्या तसबिरी रंगवणाऱ्यानंच आपल्या बहिणीसाठी तशी वाट काढून दिली होती.

त्यानं शेपटी हिसकली. बोस्त्यांवनं त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. पास्कोलच्या हाताला कोपऱ्यातलं वल्हं लागलं. ते त्यानं फिरवलं आणि बोस्त्यांवचं गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. बोस्त्यांव खाली पडला. पास्कोलनं वल्हं पुन्हा उचललं, आता डोक्यावरच घालायचं म्हणून. तेवढ्यात मेढीशी नातालीननं अंग चोरलं. नवऱ्याला पाहून चोरायची, अगदी तसंच.

वल्हं हवेतच राहिलं.

"मार न," बोस्त्यांव जमिनीवरून म्हणाला. तो रडत होता. "मंग मी काय करू ते तरी सांग. रातभर ती वाळू उकरते. मी काय करू?"

पास्कोल शेपटी घेऊन बंदरावर धावला; गाठ ज्यानं बांधली त्यानंच सोडवायची होती. कापड उतरवून सुरीनं त्या काळ्या रेघेवर फाडलं, माराची आणि दोराची चौकट बहिणीच्या चुलीत घातली आणि उरलेला तुकडा मेहुण्यापुढं पसरला.

"येवडंच," तो म्हणाला.

"कवापासून?"

"आत्तापासून."

बोस्त्यांवचा एक हात लोंबत होता. दुसऱ्या हातानं आणि दातांनी त्यानं दोराची गाठ सोडवली. गाठ सुटायला वेळ लागला, कोळ्याची होती.

नातालीन पावसाळा सरेपर्यंत भावाकडं राहिली. बोस्त्यांव हात गळ्यात बांधून रोज पेज घेऊन यायचा आणि उंबऱ्यातच बसायचा. नंतर नंतर ती झोपू लागली, आणि दिवाळीच्या सुमारास आपणहून त्याच्यासोबत घरी गेली. तिच्या डाव्या कानाचं ऐकणं मात्र गेलं ते गेलंच.

डॉक्टर सबनीसांना इतर गावांसाठी चित्रं हवी होती, आणि माराचं चित्रही हवंच, नाहीतर काय टाळायचं ते लोकांना कसं कळणार? पास्कोलनं साफ नकार दिला. "मारायचं समद्यास्नी येतं, डॉक्टर."

त्यापुढं तो एका कापडावर एकच चित्र काढू लागला, तेही करायच्या गोष्टीचंच. राई, काशीगाव, जुनं भाईंदर अशा गावांत तो कापडं घेऊन स्वतः जायचा, उन्हात उभा राहायचा आणि लोकांना विचारायचा, यात काय दिसतंय? चुकीचं उत्तर आलं की कापड गुंडाळून घरी आणायचा आणि पुन्हा काढायचा.