तीन बास गिटारी आणि मूठभर अक्षता

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मला तुमच्याकडे बघवणार नाही. सासरच्या पहिल्याच खंडेनवमीला मी असा पराक्रम केला, की अख्ख्या मैदानाने तो स्पीकरवरून ऐकला!

माझं माहेर धार, सासर देवास. सासरचे पूर्वज दरबारी. नवमीला तलवारी पुजायचे. आता तलवारी कुठल्या? माझा नवरा विक्रम बास गिटार वाजवतो, म्हणून पाटावर त्याच्या तीन गिटारी.

त्यांच्यातला फरक त्याने मला लग्नाच्या आठवड्यातच समजावला होता. (लोक बायकोला फिरायला नेतात. असो.)

"ही हॉलो. आतून सगळी पोकळ. आवाज गोल, उबदार. पण स्पीकरजवळ नेली की घूंऽऽ करत बसते. ही सेमी-हॉलो. मधोमध भरीव ठोकळा, दोन्ही बाजू पोकळ. ऊबही राहते, घुमणंही आवरतं. आणि ही चेंबर्ड. दिसायला भरीव, पण आत लाकूड कोरून बंद कप्पे केलेत. हलकी, आणि स्टेजवर एकदम शहाणी!"

मी मान डोलावली. कळलं एवढंच, की हे सांगताना त्याचे डोळे फार छान दिसतात.

तर पूजा. गिटारी पाटावर उताण्या. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या हातानं होऊ दे. आणि हात आखडू नकोस हं!"

मी कशाला आखडते? मूठमूठ अक्षता वाहिल्या! पहिल्या दोघींच्या अंगावर वळणदार फटी होत्या. अक्षता त्यांत भराभर गडप होत होत्या. मला वाटलं, देवीने स्वीकारल्या!

पूजेतल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. त्यामुळे गिटारी दसऱ्याला ढोलांच्या गोंगाटात पिशव्यांत गेल्या, त्या थेट संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या स्टेजवर निघाल्या. खास ऐकायला धारहून माझे बाबा आलेले. त्यांचं मत आधीच ठरलेलं: "जावई सोन्यासारखे, पण मागे उभं राहून धूम-धूम करणं, हे काय वादन?" विक्रमला आज ते मत बदलायचं होतं.

त्याने हॉलो घेतली. धूम-छुम. धूम-छुम.

साउंडवाला गुड्डू ओरडला, "विक्रम भिया, जे घुंगरू कौन पेन के आया है?"

वायर बदलली. छुम. स्पीकर बदलला. छुम! कीबोर्डवाल्याला बिचाऱ्याला चपला काढायला लावल्या. तरी छुम!

शेवटी विक्रमने गिटार उलटी करून हलवली. स्टेजवर कुंकवाच्या तांदळांचा सडा! त्याने स्टेजच्या कडेला सासूबाईंशेजारी बसलेल्या माझ्याकडे बघितलं. मी मांडवाच्या झालरीकडे बघितलं.

"दूसरी दो!"

सेमी-हॉलो. ठोकळ्याच्या अलीकडे छुम, पलीकडे छुम. अगदी स्टिरिओ!

"अगं, वाहिल्यास तरी किती?" सासूबाई कुजबुजल्या.

"तुम्हीच म्हणालात ना, हात आखडू नकोस..."

तिसरीला फटीच नव्हत्या. विक्रमने तार छेडली, आणि मी माझी लाज विसरले. काय आवाज होता! कानात न शिरता खुर्चीतून वर येणारा. गाणाऱ्याला हाताला धरून नेत होता, मग हळूच मागे सरकून त्याला वाट करून देत होता. मागे उभा राहून माणूस अख्खं गाणं खांद्यावर घेतो, हे मला त्या दिवशी दिसलं. समोर लांब, प्रेक्षकांत बाबांचा पाय ठेका धरत होता.

कार्यक्रम संपल्यावर बाबा थेट स्टेजवर. "जावईबापू, मानलं! चूक माझी होती." मग आवाज उतरवून, "पण ते सुरुवातीचं छुम-छुम फार गोड होतं. मध्येच का हो थांबवलंत?"

"ते तुमच्या मुलीचं होतं," विक्रम गंभीरपणे म्हणाला.

बाबांचा ऊर असा भरून आला, की खरं सांगायला माझी जीभच रेटेना!

झालं. आता धारला गेले की सगळे नातेवाईक घेरतात, "वाजवून दाखव ना काहीतरी!" वाद्य देवासला राहिलं, असं सांगून मी सुटका करून घेते. खोटंही नाही ते. स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, पाच किलोच्या डब्यात आहे.