तेल टाकलं होतं

वाडीला, अमरावती रोडवरच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांची रांग संपते तिथे प्रेमानंद मिस्त्रीचं टिनाचं शेड आहे. शेडवर पाटी नाही. तीस वर्षांत तिची गरजही पडली नाही, कारण ह्या माणसाची जाहिरात लोकांनीच करून ठेवली होती: प्रेमानंद मिस्त्री इंजिन खोलत नाही, हात लावून सांगतो. इंजिनावर तळवा ठेवायचा, मान तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. 'रिंगा गेल्या.' 'नोझल खराब आहे.' दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं, आणि दहाव्या वेळेची चौकशी कोणी करत नसे. असं कौतुक रोज कानावर पडलं की भलाभला माणूस चढून जातो. प्रेमानंदही चढला होता.

यंदा एप्रिलमध्ये काटोलहून एक छोटा हत्ती टेम्पो शेडपुढे येऊन थांबला. आतून चंपतराव उतरले. काटोलजवळ त्यांचा संत्र्याचा बगीचा आहे. अंगाने भरलेला, मोठ्याने बोलणारा आणि स्वतःच्या विनोदावर सगळ्यांच्या आधी हसणारा माणूस. त्यांनी मागची ताडपत्री ओढली. खाली एक सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन होतं. चाकावर गंज, टाकीवर कोंबड्यांची घाण.

"ओळखलं का, मिस्त्री? तुम्हीच मुडदा म्हणून सांगतलं होतं याले. नऊ वर्षं कोठ्यात पडून होतं."

"आता काहून आणलं मंग?"

"शिवारातली लायनीची डीपी जळाली. नवी कवा बसंन कोणाले माहीत! मोटार बंद, आन् झाडावर आंबिया बहाराचं फळ. पाणी नाही भेटलं तं सारं गळून जाईन. पाहा, जित्तं होते का." मग इंजिनावर थाप मारून ते हसले. "आमच्या बाईनं उपाशी राबवलं बिचाऱ्याले. तेलाचा थेंब न टाकता!"

ही त्यांची ठेवणीतली गोष्ट होती. लग्न असो, बारसं असो, चार पाहुणे जमले की चंपतराव ती काढत आणि मंडळी हसत.

प्रेमानंदही हसला. पण हसता हसता त्याला तो दिवस आठवला.

नऊ वर्षांपूर्वी हेच इंजिन खटखट आवाज करू लागलं होतं. प्रेमानंदने बगीच्यात जाऊन त्याचं बेअरिंग बदललं होतं. ते इंजिन रोज चालवायची चंपतरावांची बायको, गोपिकाबाई. सकाळी तेल मोजायची दांडी काढून बघायची, पदर खोचायची आणि दोन्ही हातांनी हँडल मारून इंजिन सुरू करायची. शेजारच्या शेतातली माणसं काम थांबवून बघत. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो तिने लपवलाही नव्हता. बेअरिंग बदलून पंधरा दिवस झाले आणि चालता चालता इंजिन जागीच जाम झालं. प्रेमानंदला पुन्हा बोलावणं गेलं. त्या दिवशी वाडीला एका ट्रकचं काम अर्धवट टाकून तो गेला होता, मालक सारखा फोन करत होता. त्याने इंजिनावर हात ठेवला, डोळे मिटले आणि सांगून टाकलं, "बिना तेलाचं चाललं. क्रँक गेला. आता भंगारच."

"भाऊ, मी तेल टाकलं होतं," गोपिकाबाई म्हणाली होती.

"वहिनी, इंजिन खोटं बोलत नसते," हे त्याचं उत्तर होतं. तेव्हा ते त्याला फार चांगलं सुचलं असं वाटलं होतं. चंपतरावांनी भरल्या बांधावर बायकोला नाही नाही ते ऐकवलं. पुढे विजेची जोडणी आली, मोटार बसली आणि इंजिन गुरांच्या कोठ्यात गेलं.

आता इंजिन उतरवून चंपतराव निघून गेले आणि प्रेमानंद कामाला लागला. जाम झालेलं इंजिन हात लावून काय सांगणार? खोलावंच लागणार होतं. त्याने नोझल काढलं, सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेल ओतून पिस्टन मुरत ठेवला, टाकीतला गाळ धुतला. दुसऱ्या दिवशी तेल काढायला त्याने खाली घमेलं ठेवलं आणि तळाचा नट सैल केला. दोन-चार काळे थेंब पडतील अशी त्याची अपेक्षा होती.

तेल पडू लागलं. पडतच राहिलं. घमेलं भरलं तसा त्याने घाईघाईने डबा लावला, तोही अर्धा झाला. त्याने दांडी तपासली. तिच्यावर खुणेपर्यंत जुन्या तेलाचा थर होता. इंजिन बंद पडल्यावर त्यात कोणी तेल टाकलेलं नव्हतं, भंगारात कोण टाकतो? म्हणजे हे त्या दिवशीचंच तेल होतं. गोपिकाबाई खरं बोलत होती.

मग इंजिन जाम कशाने झालं? प्रेमानंदने बाजूचं झाकण खोललं आणि आत हात घातला. तळाला, तेल ओढणाऱ्या जाळीवर, काहीतरी लिबलिबीत चिकटलं होतं. त्याने ते ओढून काढलं, डिझेलमध्ये धुतलं. पिवळ्या सुती कापडाची वीतभर चिंधी निघाली, हिरव्या काठाची.

त्याने ती फळीवर ठेवली.

उस्तादाने त्याला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली होती. इंजिनात पुसायला घेतलेल्या चिंध्या आत जाताना मोजायच्या आणि झाकण लावण्याआधी पुन्हा मोजायच्या. प्रेमानंद त्यासाठी बाजारातला सुताचा गुंता कधी वापरत नसे, त्याचे धागे आत राहतात म्हणून. त्याची बायको चारुशीला स्वतःच्या जुन्या साड्या फाडून त्याला चिंध्या करून द्यायची. नवं बेअरिंग बसवलं त्या दिवशी त्याने मोजलं नव्हतं. चिंधी पंधरा दिवस तेलात फिरली असेल आणि एके सकाळी जाळीवर बसली असेल. तेल होतं, पण वर बेअरिंगपर्यंत चढत नव्हतं.

दुपारी चारुशीला डबा घेऊन आली. चिंधी फळीवर पडली होती.

"हे तं माया साडीचं आहे," ती म्हणाली. "भाच्याच्या लग्नातली. कुठं भेटलं?"

"जुनंच आहे. पडलं असंन."

"या साडीच्या सात चिंध्या दिल्या होत्या तुम्हाले. धुवाले साहाच आल्या होत्या. मी विचारलं होतं तवा, तं तुम्ही म्हणाले उडाली असंन कुठं."

प्रेमानंदने मोडलेली भाकरी डब्यात परत ठेवली. बायको घरी विचारत होती आणि त्याने ऐकलं नव्हतं. काटोलची बाई बांधावर सांगत होती आणि त्याने ऐकलं नव्हतं. तो मात्र इंजिनाचं ऐकणारा म्हणून मिरवत होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

तरी माणूस लबाड असतोच. पुढचे तीन दिवस तो काम करत राहिला आणि मनात वकिली करत राहिला. क्रँक घासून आणला, नवं बेअरिंग बसवलं, रिंगा बदलल्या, चिंध्या दोनदा मोजल्या. नऊ वर्षांची गोष्ट, आता कशाला उकरायची? इंजिन सुरू झालं की सगळे खूश. चंपतराव आणखी दहा जणांना सांगतील की मिस्त्रीने मुडदा उठवला. चिंधी त्याने खिशात ठेवली होती, ती टाकूनही देत नव्हता.

सहाव्या दिवशी चंपतराव आले. धरमपेठेत डॉक्टरांना गोपिकाबाईचे डोळे दाखवून आले होते, त्यामुळे तीही सोबत होती. ती शेडच्या आत आली नाही. पदर डोक्यावर घेऊन बाहेर उन्हातच उभी राहिली.

प्रेमानंदने हँडल मारलं. इंजिन दोनदा धापलं, काळा धूर सोडला आणि लागलं. टिनाचं शेड थरथरू लागलं.

"वा रे मिस्त्री!" चंपतराव ओरडले. "आता एकच करा, हिले याच्याजवळ फिरकू देऊ नका!"

गोपिकाबाई हसली. नवऱ्याच्या विनोदावर, सवयीने, जशी ती लग्नाबारशांत हसत असेल तशी. ते हसणं प्रेमानंदला सहन झालं नाही. त्याने इंजिन बंद केलं.

"चंपतराव, वहिनीनं तेल टाकलं होतं." त्याने खिशातून चिंधी काढली. "पूरं तेल होतं आत, मी सोताच्या हातानं काढलं. ही चिंधी जाळीवर बसली होती. माई आहे. मीच आत विसरलो, आन् खोलून न पाहता वहिनीच्या माथी मारलं. चूक माई आहे."

चंपतरावांनी हसायचा प्रयत्न केला. "अरे, जाऊ द्या मिस्त्री, इतक्या वर्षांची गोष्ट..." बाकी कोणी हसलं नाही.

गोपिकाबाई आत आली. तिने चिंधी घेतली, उलटीपालटी करून पाहिली. आता ती शिव्या देईल म्हणून प्रेमानंद मान खाली घालून उभा होता. त्याला शिव्याच हव्या होत्या.

"पयल्या वर्षी मी भांडत होती यायच्याशी," ती म्हणाली. "मंग गप बसली. मंग मलेच वाटाले लागलं का नसंनच टाकलं. आता तं मले चांगलं आठवते, भाऊ. तेलाचा डब्बा हाती घेतला, तिकडं गाय हंबरली, म्हणून तसाच ठेवून देला. डब्बा दिसते मले. ते खोटं आहे का?"

इंजिनाचं जे झालं ते प्रेमानंदला माहीत होतं. हे त्याला माहीत नव्हतं.

"खोटं आहे, वहिनी," तो म्हणाला.

तिने इंजिनाची दांडी ओढली, त्याच चिंधीने पुसली, परत घातली, काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"पाहून सांगा. हात लावून नका सांगू."

त्याने वाकून पाहिलं. "खुणेपर्यंत आहे."

"यायले सांगा."

त्याने चंपतरावांकडे वळून सांगितलं.

मग तिने पदर खोचला आणि हँडल मागितलं. पहिल्या फेऱ्याला इंजिन लागलं नाही, दुसऱ्यालाही नाही. दोघेही पुरुष पुढे झाले नाहीत. तिसऱ्या फेऱ्याला लागलं, आणि ते एका लयीत चालू होईपर्यंत ती कान देऊन उभी राहिली.

इंजिन गाडीत चढवून झालं. चंपतराव पुढे बसले. गोपिकाबाई पाय वर ठेवता ठेवता थांबली आणि मागे वळली.

"इंजिन तं लागलं, भाऊ," ती म्हणाली. "पण तो डब्बा मले अजून तसाच दिसते."