कूलरमागची खिडकी

जेवताना भातात खडा लागला की आमची आई घराच्या माथी खापर फोडायची. "मेलं घरच अंधारं. माझ्या डोळ्यांले काय धाड भरली?" आम्ही दोघं बहीणभाऊ मान डोलवायचो, कारण घर अंधारं होतंच. हुडकेश्वरच्या जुन्या वस्तीत आजोबांनी बांधलेलं, कवेलूंच्या छपराचं, जाड भिंतींचं. पुढच्या खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यात बाबांनी बसवलेला कूलर. बाबा दरवर्षी पावसाळा लागला की तो काढून ठेवायचे. ते गेल्यावर कूलर बारा महिने तिथंच राहिला.

उन्हाळ्यात तर नागपुरात सकाळीच दारंखिडक्या लावून घेतात. दिवसभर सगळेच चाचपडत वावरतात. अशा घरात एकाला दिसत नाही, हे कळणार कसं! आई चहा सांडत नव्हती, उंबऱ्याला अडखळत नव्हती. डॉक्टरचं नाव काढलं की मात्र भांडायला उठायची. "माझ्या डोळ्यांचं राहू द्या. आधी घरात उजेड करा."

मग केलाच उजेड. कूलर काढून खिडकी मोठी केली, मागची भिंत पाडून एक खोली वाढवली, तिच्या छतात काच बसवली. मिस्त्री म्हणाला, "ताई, मे महिन्यात भाजून निघसान." मी त्यालाच झापलं, "आईसाठी करून राहिलो, तुमाले काय करायचं?" काम चाललं तोवर आई अंगणात खाटेवर बसून राहायची. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "आता पाहा वं, एक खडा सुटते का माह्या हातून." इतकी खुशीत मी तिला बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती.

काम संपलं त्या दुपारी दादानं तिला नव्या खोलीत आणून बसवलं. ऊन असं आलं होतं की फरशीकडे बघवत नव्हतं. मी सुपात तांदूळ घेऊन ते तिच्या मांडीवर ठेवलं. ती निवडायला लागली. चांगला टपोरा काळा खडा समोर होता, तिची बोटं त्याच्या शेजारून जात राहिली.

तिनं मान वर केली, मी नव्हते त्या बाजूला.

"काहून वं, लाइट नाही लावला अजून?"

दादा तोंड फिरवून बाहेर निघून गेला. मला जोरात रडावंसं वाटत होतं. इतकी वर्षं आम्ही घराला शिव्या घालत बसलो आणि तिकडे आईची नजर गेली, बाई गं! मी उठले आणि भर उन्हात बल्ब लावला. बटणाचा आवाज तिला ऐकू गेला.

"लावला, आई."

"हं. आता दिसून राहिलं," ती म्हणाली आणि पुन्हा सुपात बोटं फिरवायला लागली.

तिनं निवडलेलेच तांदूळ मी रात्री शिजवले. वेगळे निवडायचं माझ्याच्यानं झालं नाही. खडा नेमका तिच्याच दाताखाली आला. तिनं तो बोटांनी काढला, ताटाच्या कडेला ठेवला. या वेळी ती घराला काही बोलली नाही.