चुन्यातला गूळ

आमच्या गावाहून केळापूरकडे जाताना नाल्यावर तीन कमानींचा दगडी पूल लागतो. तो कोणी बांधला हे माझ्या आजेसासऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. साठ सालाच्या आगेमागे पुरात मधली कमान ढासळली आणि ती पुन्हा दगडातच उभी करायचं काम आमच्या ह्यांच्याकडे आलं. हे गवंडी, मी चुना मळायच्या घाणीवर. चुन्यात बेलफळाचं पाणी आणि गूळ घालायचा, नाहीतर तो दगडाला धरत नाही, असं सगळेच म्हणत.

मला सहावा महिना होता. डोहाळे लागले तेही मेले गुळाचेच! पदराआड एकेक खडा तोंडात टाकत मी अख्खी भेली फस्त केली. कमानीच्या माथ्यावरचा शेवटचा दगड, कळीचा दगड, बसला त्या दिवशी घाणीत नुसतं गुळाच्या भांड्याचं धुवण गेलं. मी कोणाला बोलले नाही.

महिनाभराने कमानीखालचे लाकडी टेकू काढायचे ठरले. जुनी रीत अशी, की कळीचा दगड बसवणाऱ्याने तेव्हा खाली उभं राहायचं. ओव्हरसियर म्हणाला, आता असं कोणी करत नाही. ह्यांनी ऐकलं नाही. दगडांनी भरलेली बैलबंडी पुलावरून न्यायला सांगून हे खाली जाऊन उभे राहिले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सांगावं तर चारचौघांत चोर ठरणार. पहिला टेकू निघाला, कमान कुरकुरली आणि ह्यांच्या पागोट्यावर चुन्याची भुकटी पडली. मग कुठली लाज! मी पोट सावरत नाल्यात उतरले.

"अवो, भाईर निंगा! चुन्यातला गूळ म्या खाल्ला!"

"मले मालूम हाय," हे जागचे न हलता म्हणाले. "तू दूर हो."

सगळे टेकू निघाले. बंडी डोक्यावरून खडखडत गेली, तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले होते. कमान तशीच राहिली.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना मी विचारलं, "मालूम होतं, तं उभे काहून राह्यले?"

"चुना थापीले लागला तवाच समजलं होतं, पण तवर दगड बसला होता," हे म्हणाले. "उद्यापासून लोकायच्या बंड्या जातीन. पडाचाच असन, तं आधी माह्यावर पडू दे म्हटलं."

दुपारपेक्षा जास्त भीती मला तेव्हा वाटली. तव्यावर भाकरी करपत होती आणि ती उलथायला माझा हात उचलेना.