अभिप्राय मागवण्यात येत आहे

रिटायर झालो त्या दिवशी ऑफिसनं माझ्याकडनं सगळं मोजून परत घेतलं. कपाटाच्या किल्ल्या, रबरी शिक्का, एक स्टेपलर, दोन पेपरवेट. किस्से तेवढे परत मागायचे राहिले! ते घरी आले आणि इतके साठले, की आता चार मंडळी चहाला बसली की माझा कप गार होतो.

आमचं बस खात्याचं विभागीय ऑफिस कोल्हापुरात, स्टँडच्या मागच्या अंगाला. गोष्ट एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची. मी तेव्हा नवा क्लार्क. माझ्या टेबलाला 'अभिप्राय टेबल' म्हणत. मुंबईत बसबद्दल काही नवा कायदा करायचं घाटलं, कुठलं अनुदान द्यायचं ठरलं, की त्याचा कच्चा मसुदा आमच्याकडे यायचा. खाली एकच ओळ : 'अभिप्राय मागवण्यात येत आहे. आठ दिवसांत कळवावा.'

कागद यायचा नवव्या दिवशी!

* * *

आमचे हेडक्लार्क माने. मूळचे कसबा बावड्याचे, आवाज खणखणीत, मन मोकळं. कुठलाही मसुदा येऊ दे, त्यांचा अभिप्राय ठरलेला : 'मसुदा वाचला. सहमत.'

मी एकदा धीर करून विचारलं, "मानेसाहेब, न वाचताच?"

"देसाई, तू अजून नवा हाईस. मुंबईला आपलं मत नको असतंय रं. आपला जावक नंबर पायजे असतोय!"

एकदा गंमत झाली. मुंबईच्या सायक्लोस्टाईल मशीनची शाई संपली असावी. वरचं पत्र व्यवस्थित, आणि आत जोडलेला मसुदा म्हणजे सात कोरे कागद! मी ते मान्यांपुढं ठेवले. त्यांनी एकेक पान उलटलं, चष्मा पुसला आणि नेहमीसारखं लिहिलं, 'मसुदा वाचला. सहमत.'

मला रात्रभर झोप नाही. आता दोघांना मेमो येणार!

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'आपल्या विभागाचा अभिप्राय मुद्देसूद असून, इतर विभागांनी त्याचे अनुकरण करावे.'

* * *

मग नवे साहेब आले. पुण्याचे, शिस्तीचे, शुद्ध बोलणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "यापुढे 'सहमत' चालणार नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारून अभिप्राय जाईल."

नेमका तेव्हाच मसुदा आला, बसमधून पाळीव जनावरं न्यायची की नाही, याचा. साहेबांनी गडहिंग्लज लाईनचा कंडक्टर बोलावला, बसगोंडा. बायको पलीकडची, कानडी, त्यामुळं याची मराठीही वाटेत दोनदा हद्द ओलांडायची.

"बसगोंडा, शेळीला बसमध्ये घ्यावं का?"

"अय्यय्यो, सायेब, शेळीसारखं पॅसेंजर न्हाई! सुट्टं मागत न्हाई, भांडत न्हाई, स्टॉप सोडून थांबवा म्हणत न्हाई. फकस्त तिला खिडकी देऊ नका."

"का?"

"परवा उसाची बैलगाडी शेजारी आली. शेळीनं मुंडी बाहीर काढून उसाच्या शेंड्याचं वाढं धरलं तोंडात. बस सुटली की फुडं! हिरवंगार वाढं फरफरा आत, त्याच्यासंगं चार ऊस आत! गाडीवान चाबूक घेऊन माझ्या मागं. मी शेळीवालीला म्हणलो, दे त्याचा ऊस. तर ती म्हणती, 'माझी शेळी बाहीर गेल्याली न्हाई. ऊस आत आलाय. त्याचं तिकीट फाड!'"

साहेब हसले नाहीत. गंभीरपणे त्यांनी मला मजकूर सांगितला, 'शेळीस प्रवासात घेतल्यास खिडकीलगतची जागा देण्यात येऊ नये.'

मुंबईचं उलट टपाली पत्र आलं : 'म्हशींबाबत खुलासा नाही. तोही करावा.'

साहेबांनी पुन्हा बसगोंडाला बोलावलं. त्यानं पत्र ऐकलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हशीला खिडकी चालंल, सायेब. पण अगुदर तिला दारातनं आत घेऊन दाखवा म्हणावं मुंबईला!"

* * *

पुढं नव्या गाड्यांसाठी निधी मिळणार असं ठरलं आणि तिघांच्या सीटचा एक नमुना आमच्याकडे आला. 'सर्वसाधारण प्रवाशास बसवून अभिप्राय कळवावा.'

साहेब म्हणाले, "माने, स्टँडवरून एखादा सर्वसाधारण प्रवासी घेऊन या."

मान्यांनी आणला तो पैलवान! दारातनं तिरका होऊन आत आला.

"माने, हा सर्वसाधारण?"

"साहेब, आपल्या लाईनीला ह्यो बारीकातलाच म्हणायचा!"

पैलवानानं चपला बाजूला काढल्या, आखाड्यात उतरताना करतात तसा सीटला नमस्कार केला आणि बसला. सीट करकरली.

"कशी आहे?" साहेबांनी विचारलं.

"झकास हाय की. एकट्याला पुरतीया."

"अहो, ती तिघांची आहे!"

पैलवानानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. म्हणाला, "मग बाकीच्या दोघांस्नी मांडीवर घ्यायचं व्हय?"

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि त्याला निरोप दिला. पैलवान अदबीनं उठला. त्याच्याबरोबर सीटही उठली! दोन्ही दांड्यांत तो पक्का बसला होता. चौघांनी ओढून सोडवला. त्या दिवशी अभिप्राय मान्यांनी लिहिला आणि साहेबांनी मुकाट सही केली : 'आसन मजबूत आहे. प्रवाशास सोडत नाही.'

* * *

गडहिंग्लजच्या वाटेवर बेलफाटा म्हणून एक थांबा होता. पाच-सहा वाड्यांची माणसं तिथं बस धरायची. झाड नाही, झुडूप नाही. बायका डोक्यावर पाटी धरून उन्हात उभ्या. साहेबांनी तो थांबा बघितला आणि मनावर घेतलं. निवारा शेडसाठी अनुदान येणार होतं. त्यात बेलफाट्याचं नाव पहिलं घातलं. सात वेळा पत्र लिहिलं.

शेवटी पाहणीला मुंबईहून समिती येणार असं कळलं. मी सरपंचांना निरोप दिला, "उद्या मोठी माणसं येणार. नीट बघा सगळं."

तिथंच चुकलं!

गाव मानी. मोठी माणसं उन्हात कशी उभी करायची? आम्ही समितीला घेऊन पोचलो तर फाट्यावर भलामोठा मांडव! वर ताडपत्री, खाली सतरंज्या, कोपऱ्यात पाण्याचे माठ. सरपंच फेटा बांधून हात जोडून उभे. "या पावणं, सावलीला बसा!"

समिती सावलीत बसली. मसाला दूध प्याली. अध्यक्षांना एक डुलकीही लागली. साहेब कळवळून सांगत होते, "अहो, हा मांडव आजचाच आहे!" पण वाजंत्री इतकी जोरात, की कुणाला काही ऐकू येईना.

महिन्यानं शेरा आला. 'बेलफाटा येथील सावलीची व्यवस्था उत्तम आहे. अनुदानाची आवश्यकता दिसत नाही.'

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. डबा तसाच घरी गेला.

* * *

मग त्या भागाच्या आमदारांनी सभागृहात प्रश्न टाकला. बेलफाट्यावर निवारा शेड आहे काय? नसल्यास का नाही?

मुंबईहून ट्रंककॉल आला. साहेब डेपोत गेलेले. फोन मान्यांनी घेतला. लाईनीत अशी खरखर, की कुणीतरी शेंगदाणे भाजतंय!

पलीकडून आवाज आला, "बेलफाट्याला शेड आहे का?"

"न्हाय!" माने ओरडले.

"काय? हाय?"

"न्हाय हो, न्हाय!"

"म्हणजे आहे ना?"

"व्हय, न्हायच म्हणतोय की मी!"

"व्हय ना? ठीक!" आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. 'बेलफाट्यावर शेड आहे, मंत्र्यांचे उत्तर.' शेजारीच आमदारांचं आव्हान : येत्या शुक्रवारी मी स्वतः बघायला जातो. शेड नसली तर सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंग आणतो!

साहेबांनी पेपर मान्यांपुढं धरला. "माने, सरळ 'नाही' म्हणायला काय झालं होतं?"

"तेच की म्हणलो, साहेब!"

मान्यांच्या पेन्शनीला वर्षही उरलं नव्हतं. साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं आणि कोट काढून खुर्चीला अडकवला. "आज मंगळवार. मंत्र्यांचं उत्तर खोटं ठरता कामा नये. चला, शेड उभी करू!"

वर्कशॉपातनं भंगार बसचा पत्रा घेतला, सीटा घेतल्या. सरपंचांनी दगड आणि चार गाड्या मुरूम दिला. मांडव घातलेलीच माणसं, चूक भरून काढायला जिवाच्या आकांतानं राबली. साहेबसुद्धा पत्रा धरून उभे. आतल्या बाजूला 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलेला पत्रा तसाच छपराला लागला. पुसायला वेळ कुणाला?

शुक्रवारी सकाळी माने स्वतः हातात ब्रश घेऊन सीटांच्या पाठीला बसचा लाल रंग देत होते. शेवटचा हात फिरतोय तोवर लांब जीपची धूळ दिसली. आम्ही तिघं डबा-ब्रश घेऊन शेडमागं!

आमदार उतरले, बरोबर पेपरवाला. आणि आम्ही फटीतनं बघतो तर आत एक म्हातारी येऊन बसलेली! वांग्याची पाटी शेजारी, पाठ टेकून निवांत. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मान्यांनी डोळे मिटून घेतले.

आमदारांनी शेड खालीवर न्याहाळली. छपरावरची ती अक्षरंही वाचली. मग वाकून विचारलं, "आजी, ही शेड कवापास्नं हाय हितं?"

म्हातारीनं आमदारांकडं बघितलं. बाहेरच्या उन्हाकडं बघितलं. डोक्यावरच्या पत्र्याकडं बघितलं.

"लई जुनी हाय की, बाबा. मी लगीन होऊन आले, तवा वऱ्हाड ह्याच शेडात उतरलतं!"

पेपरवाल्यानं लिहून घेतलं. तेवढ्यात बस आली. म्हातारी पाटी घेऊन उठली, आणि तिच्या पांढऱ्या लुगड्यावर, खांद्यापासनं कमरेपर्यंत, लालभडक ओले पट्टे!

कंडक्टर दारातनं ओरडला, "ओ आजी, पाठीला रंग लागलाय की!"

म्हातारी पायरी चढता चढता म्हणाली, "लग्नातला हाय त्यो, मुडद्या! अजून वाळंना झालाय!"